स्विफ्टच्या डिकीत १० इंची वूफर बसवायचाय, बॉक्स कुठला? सील्ड (पूर्ण बंद) की पोर्टेड (हवेसाठी पाइप असलेला)?

खाडीपलीकडचा (पावस, रत्नागिरी)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी स्विफ्ट, २०१९ ची, पेट्रोल. मावसभावाने मुंबईत गाडी बदलली आणि जुन्या गाडीतला १० इंची वूफर (बास वाजवणारा मोठा स्पीकर) आणि मोनो अँप (वूफरला पॉवर देणारा अँप्लिफायर) मला देऊन टाकला. बॉक्स नाही दिला, तो त्याच्या गाडीच्या मापाचा होता आणि तसाही एका बाजूने फुगलेला. वूफरच्या कागदावर लिहिलंय ते देतो: आरएमएस (म्हणजे सतत झेपणारी पॉवर) २५० वॅट, ड्युअल कॉइल ४-४ ओहम, एफएस ३५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५०, व्हास ३० लिटर. अँप २ ओहमला ३०० वॅट देतो म्हणे. स्टिरिओ कंपनीचाच आहे आणि तो काढायचा नाही, स्टिअरिंगवरची बटणं बंद पडली तर आमचे बाबा मला घरातून बंद करतील.

आता अडचण. स्विफ्टची डिकी पुस्तकात २६८ लिटर लिहिली असली तरी प्रत्यक्षात त्यात काय मावतं ते तुम्हाला माहितीच आहे. एप्रिल-मे मध्ये बागेतल्या पेट्या रत्नागिरीत पोचवायच्या असतात, एका खेपेला डिकीत चार बसतात. बाकी वर्षभर आईचा बाजार, कधी सिलिंडर, गणपतीला मखराचं सामान. म्हणजे डिकी पूर्ण अडवून चालणार नाही.

रत्नागिरीत एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला रेडिमेड पोर्टेड बॉक्स घे, त्याच वूफरचा आवाज डबल होईल. दुसरा म्हणाला वूफर विकून टाक आणि सीटखालचा घे. आणि आमच्या वाडीत एक सुतारकाका आहेत, ते म्हणतात माप आण, दोन दिवसांत करून देतो, पण त्यांनी आजवर बॉक्स म्हणजे आंब्याचे नाहीतर दिवाणाचे केलेत.

ऐकतो काय म्हणाल तर भजनं (पखवाज नीट ऐकू यायला हवा हो, नुसता धुमधुम नको), जाखडी, शिमग्याच्या ढोलाची रेकॉर्डिंग, जुनी हिंदी, आणि एकटा असलो की भाट्याच्या पुलावर जरा मोठ्याने. बॉक्स आणि वायरिंग मिळून सहा-सात हजारांत बसवायचंय. काय करू?

---

बासट्यूब_चिपळूण

भावा पोर्टेड घे, डोळे मिटून. मी आधी सगळ्यांसारखी बास ट्यूब (पिंपासारख्या गोल डब्यातला तयार वूफर) वापरली, मग सील्ड केला, मग पोर्टेड, आणि पोर्टेड लावल्यावर कळलं की आधीची चार वर्षं फुकट घालवली. २५० वॅटच्या वूफरला सील्डमध्ये टाकणं म्हणजे बैलाला खुंट्याला बांधून नांगर ओढायला सांगण्यासारखं. पोर्टमधून जी हवा येते ना ती मानेला लागते, शिमग्याच्या ढोलाला अंगावर काटा येतो. डिकी डिकी काय करतोस, पेट्यांना टेम्पो आहे की.

---

ओहमचा_नियम (सध्या पुणे, गाव गुहागर)

बासट्यूब दादा, मानेला हवा लागते हे बरोबर, पण त्या पोराची डिकी बघा आधी.

खाडीपलीकडचा, तू वूफरचे तीन आकडे दिलेस हे फार बरं केलंस, बहुतेक जण "दहा इंची आहे, चांगल्या कंपनीचा आहे" एवढंच सांगतात आणि त्यावरून बॉक्स सांगणं म्हणजे चपलेचा नंबर न विचारता चप्पल घेणं. बॉक्स वूफरच्या इंचावर ठरत नाही, आतल्या हवेवर ठरतो. सील्ड बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी काम करते. बॉक्स लहान केला की स्प्रिंग कडक होते, कोन (वूफरचा पुढचा हलणारा पडदा) मोकळा हलत नाही आणि एका ठराविक सुराला आवाज फुगतो, त्यालाच लोक घुमतोय म्हणतात. बॉक्स मोठा केला की आवाज मऊ आणि खोल, पण कोन जास्त हलतो म्हणून पॉवर जपून द्यावी लागते.

हिशोब असा. व्हास म्हणजे कोनच्या लवचिकपणाइतकी स्प्रिंग देणारी हवा, आणि क्यूटीएस म्हणजे कोनची हालचाल किती आवरलेली आहे त्याचा आकडा. व्हास भागिले बॉक्सचे लिटर, त्यात १ मिळव, त्याचं वर्गमूळ काढ आणि क्यूटीएसने गुण. उत्तर ०.७ च्या आसपास आलं की उत्तम, ०.८ पर्यंत काही बिघडत नाही. तुझ्या वूफरला २१-२२ लिटर दिले तर ०.७७ येतं. तोच १२ लिटरच्या खोक्यात कोंबलास तर ०.९४, मग पखवाज आणि पत्र्याचा डबा एकच वाटायला लागतील.

आता पोर्टेड. क्यूटीएस ०.५ वाला वूफर पोर्टेडला अगदी चालतच नाही असं नाही, पण तो मुळात सील्डकडे झुकणारा आहे. पोर्टेडला साधारण ०.४ च्या खालचे वूफर सुखाने नांदतात. तरी समज ४० लिटरचा बॉक्स केलास आणि ३५ हर्ट्झला ट्यून करायचा (म्हणजे पाइपातली हवा त्या सुराला सगळ्यात जोरात बोलेल असा) म्हटलास, तर आतून १० सेंटीमीटर व्यासाचा एक पाइप घेतला तर त्याची लांबी ४१ सेंटीमीटर येते! एवढा पाइप सरळ बसायला तेवढा लांब बॉक्स हवा, आणि पाइप आतमध्ये तीन-साडेतीन लिटर जागा खातो ती वेगळी. लाकडाची जाडी धरून बाहेरून ५५-६० लिटरचं धूड झालं. दुकानातल्या रेडिमेड बॉक्सला हातभर लांब पाइप दिसला का तुला? नाही ना, तिथे वीतभर नळकांडं असतं, म्हणजे ट्यूनिंग पन्नासच्या वर कुठेतरी जातं. तो जो "डबल" आवाज आहे तो त्या एकाच सुराचा आहे, आणि त्याच्या खाली गेलं की पोर्टेड बॉक्स ऑक्टेव्हला (हर्ट्झ निम्मे झाले की दर वेळी) २४ डेसिबलने कोसळतो, सील्ड १२ ने. शिवाय ट्यूनिंगच्या खाली कोनला धरायला कोणी नसतं, तो नुसता आत-बाहेर आपटतो. सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) नसेल तर कॉइल गेली समज.

आणि एक गोष्ट लहान गाडीच्या बाजूने आहे जी घरच्या स्पीकरला मिळत नाही. गाडीच्या आतली लांबी अडीच मीटर धर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ज्या सुराची अर्धी लाट अडीच मीटरची, तो साधारण ६८ हर्ट्झचा. त्याच्या खालच्या सुरांना गाडी बंद डब्यासारखी वागते, हवा नुसती दाबली-सोडली जाते आणि खाली जाल तसा आवाज ऑक्टेव्हला १२ डेसिबलपर्यंत चढत जातो. म्हणजे सील्ड बॉक्स जिथे १२ ने उतरतो तिथेच गाडी जवळपास तेवढंच वर उचलते. खिडक्या उघड्या, दाराच्या फटी, यामुळे पुस्तकाइतकं होत नाही, पण स्विफ्टमध्ये दहा इंची सील्ड ऐकलास तर कळेल मी काय म्हणतो ते. सेडानच्या बंद डिकीत वेगळं गणित, तिथे बासट्यूब दादा थोडे बरोबर ठरतील.

---

बासट्यूब_चिपळूण

गणित छान आहे पण कानाला गणित येत नाही. बाकी वीतभर नळकांड्याचं खरं आहे, माझा पहिला तसलाच होता.

---

सुतारपक्षी (कणकवली)

सील्ड-पोर्टेड तुम्ही ठरवा, मी लाकडाचं बोलतो. माझं कामच ते आहे आणि ह्या किनारपट्टीवर बॉक्स आवाजाने खराब होत नाहीत, पाण्याने होतात.

मावसभावाचा बॉक्स फुगलेला होता लिहिलंयत ना, तो एमडीएफ. रेडिमेड बॉक्स जवळजवळ सगळे त्याचेच असतात. एमडीएफ वाईट नाही, उलट आवाजाला चांगला, जड, एकसारखा, करवत सरळ चालते. पण तो म्हणजे दाबलेला भुसा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाडीतली मॅट सुद्धा सुकत नाही, ओली छत्री डिकीत टाकायची, त्याचं पाणी बॉक्सच्या तळाला जातं, तिथे कारपेट चिकटवलेलं असतं ते पाणी धरून ठेवतं, आणि दिवाळीपर्यंत खालची कड पोळी फुगावी तशी फुगते. मग स्क्रू धरत नाही, सांध्यातून हवा सुटते आणि फस्स फस्स आवाज यायला लागतो. एका गिऱ्हाइकाने माझ्याकडे असला आणला होता, वूफर काढला तर स्क्रू बोटाने निघाले, आणि आत काळी बुरशी.

तर १८ मिलिमीटरचा प्लाय घ्या, आणि प्लायवर शिक्का बघा. बीडब्ल्यूपी, आयएस ७१० लिहिलेलं असेल तो मरीन. एमआर, आयएस ३०३ म्हणजे घरातल्या कपाटाचा, ओलावा सोसतो पण मुरलेलं पाणी नाही. दुकानदार दोन्हीला वॉटरप्रूफच म्हणतो. बॉक्स लहान आहे, नऊ-दहा चौरस फुटांत होतो, कोणाच्या तरी किचन ट्रॉलीच्या कामातला उरलेला तुकडा तुमच्या सुतारकाकांकडे असेलच, विचारा.

सांधे: पाण्याला टिकणारा डिंक लावायचा (फेविकॉल मरीन), स्क्रू स्टेनलेसचे, दर चार-पाच इंचांवर एक, आधी बारीक ड्रिल मारून, नाहीतर प्लायची कड फाटते. आतल्या सगळ्या कोपऱ्यांत डिंक आणि भुसा कालवून त्याची लांबी (पुट्टी) बोटाने भरायची, सुकली की दुसरा हात. सिलिकॉन वापरलात तर पूर्ण एक दिवस उघडा ठेवा, त्या ओल्या सिलिकॉनचा आंबट वास येतो ना, तो बंद बॉक्समध्ये वूफरच्या डिंकाला आणि तांब्याला चांगला नाही. मग आतून बाहेरून दोन हात वॉर्निश किंवा पीयू पॉलिश, आणि सगळ्यात महत्त्वाचं, वूफरसाठी जे गोल भोक कापता त्याच्या कापलेल्या कडेला तीन हात. तिथूनच पाणी शिरतं. बाहेरून कारपेट लावू नका. काळा रंग नाहीतर रेक्झिन. कारपेटचा कुबट वास एकदा बसला की जात नाही.

तळाला चार पाय द्या म्हणजे बॉक्स डिकीच्या गालिच्याला टेकणार नाही. जुनी हवाई स्लिपर कापून चार तुकडे लावा. हसू नका, विकतच्या रबरापेक्षा भारी.

---

खाडीपलीकडचा

बाप रे, एवढं सविस्तर! मनापासून आभार सगळ्यांचे. सुतारकाकांना वाचून दाखवलं, ते स्लिपरला हसले नाहीत, म्हणाले बरोबर आहे.

काल डिकी मोजली. मागच्या सीटची पाठ तिरकी आहे म्हणून बॉक्सही तिरका करायचा, तळाला २४ सेंटीमीटर, वर १४, उंची ३६ (पार्सल ट्रे वरून बसतो), रुंदी ५०. रुंदी ५० मुद्दाम, कारण माझ्या मॉडेलला सीट ६०:४० मुडते, बॉक्स ६० च्या मागे ठेवला तर ४० ची बाजू पाडून लांब सामान घालता येईल. हिशोब केला, १४ आणि २४ ची सरासरी १९, गुणिले ३६ गुणिले ५०, आले ३४ लिटर. म्हणजे ओहम दादांच्या २२ पेक्षा बराच मोठा झाला. रुंदी कमी करून ३२ करू का?

---

सुतारपक्षी (कणकवली)

थांबा थांबा, कापू नका! हे बाहेरचं माप झालं. १८ मिलिमीटरची फळी दोन्ही बाजूंना, म्हणजे प्रत्येक मापातून ३.६ सेंटीमीटर वजा. रुंदी ४६.४, उंची ३२.४, खोली सरासरी १५.४. गुणा आता.

---

खाडीपलीकडचा

२३.१५ लिटर!! अकरा लिटर नुसत्या लाकडात गेले??

---

ओहमचा_नियम (सध्या पुणे, गाव गुहागर)

हो, आणि वूफरचा मागचा चुंबक आणि सांगाडा आत शिरतो, तो दीड-दोन लिटर खाईल. राहिले साधारण साडेएकवीस. तुझा बॉक्स न ठरवता बरोबर आलाय, हात लावू नकोस. ३२ रुंदी केली असतीस तर बारा-साडेबारा उरले असते, म्हणजे वर सांगितलेला पत्र्याचा डबा.

फक्त वूफरची बसवायची खोली कागदावर बघ. मध्यभागी तुला पुढच्या फळीसकट १७ सेंटीमीटर मिळतात. चुंबकाच्या मागे भोक असेल तर ते आणि मागची फळी यात दोन बोटं तरी हवा राहू दे, तिथून कॉइलची गरम हवा जाते. आणि वूफर मधोमधपेक्षा जरा खाली बसव, तिथे खोली जास्त आहे.

आत उशीतला फायबर सैल पिंजून भर, कापूस नको, कापूस दमट होतो आणि गोळा होऊन कोनला चिकटतो. फायबरने वूफरला बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा वाटतो, आवाज अजून जरा मोकळा होतो.

वायरिंग थोडक्यात: दोन्ही कॉइल समांतर जोड, ४ आणि ४ चे २ ओहम होतात, अँपला तेच हवंय. अँप ३०० आणि वूफर २५०, तेव्हा गेन (अँपचा जोर ठरवणारा खुंटा) पूर्ण चढवायचा नाही. ३०० वॅटला हा अँप जोरात असताना पंचवीस-सत्तावीस अँपिअर खेचेल, त्याला ८ गेजची वायर पुरते, पण खरी तांब्याची. स्वस्त वायर आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा अशी असते, समुद्राच्या हवेत तिची टोकं पांढरी भुकटी होतात. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत, ४० अँपिअरचा, आणि हा फ्यूज अँपसाठी नाही, मधे कुठे वायर घासून बॉडीला लागली तर गाडी पेटू नये म्हणून आहे, त्यामुळे "नंतर लावतो" नको. अर्थिंगला रंग खरवडून चकचकीत पत्रा काढ, बोल्ट आवळ आणि वरून व्हॅसलिन नाहीतर ग्रीस फास, नाहीतर पावसाळ्यानंतर गंजून आवाजात कुईईई येईल. कंपनीचा स्टिरिओ असल्यामुळे अँपला हाय लेव्हल इनपुट (थेट स्पीकरच्या वायरी जोडायची सोय) आहे का बघ, नसेल तर हाय-लो कन्व्हर्टर लागेल. लो पास (वरचे सूर वूफरकडे जाऊ न देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात कर.

---

वेंगुर्ल्याचो

अरे झिला, पोर्टेड-बिर्टेड सोड. माझ्या गाडयेत पयलो होतो तो बॉक्स एका पावसात फुगान असो झालो, जसो चायेत बुडवलेलो पाव. सुतारपक्षी सांगता तसो मरीन प्लायचो करून घे. आणि डिकीत बांगड्याची पिशवी ठेवतस तर वूफराच्या कापडाक वास लागता, तो जाणा नाय. माका अनुभव आसा, बायको अजून बोलता.

---

मांडवा_जेटी (अलिबाग)

सगळे बॉक्सच सांगतायत म्हणून सीटखालच्याबद्दलही लिहिते. माझ्या टियागोत ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली ८ इंची अ‍ॅक्टिव्ह सब (वूफरच) आहे, अँप त्यातच, तीन वर्षं झाली. डिकी पूर्ण मोकळी राहते हा फायदा एकदम खरा, आणि बास कुठून येतोय ते कळत नाही, गाण्यात मिसळून जातो. भजन, गझल, जुनी गाणी यांना मस्त. पण चाळीस हर्ट्झच्या खाली त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका, ढोलाचा "धम" येतो पण पोटात येत नाही.

आणि कोणी सांगत नाही ते सांगते, पावसात माणसं ओल्या चपलांनी बसतात, पाणी मॅटवरून मागे वाहत सीटखाली जातं आणि तिथे हा पत्र्याचा डबा फ्लोअरला टेकून असतो. मी अर्धा इंच उंचावर बसवून घेतला तेव्हा टिकला. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा माझ्या भावाच्या गाडीत सीटपर्यंत पाणी होतं, त्यात सीटखालचा सबही गेला आणि गाडीची वायरिंगही, पण ते काय, त्या दिवशी लोकांची घरं गेली, सब कोण मोजतंय.

तुमच्याकडे वूफर-अँप फुकट आलेत तर बॉक्सच करा. नवीन घ्यायचं असतं तर मी म्हटलं असतं विचार करा.

अजून एक, स्टेपनी! स्विफ्टमध्ये स्टेपनी डिकीच्या फळीखाली आहे. बॉक्स कायमचा ठोकून बसवलात तर पंक्चर झाल्यावर काय कराल?

---

बासट्यूब_चिपळूण

ताई चिपळूणची आठवण काढलीत, माझा तो लाडका पोर्टेड त्याच पुरात गेला. खरंच सांगतो, पाणी ओसरल्यावर डिकी उघडली तर बॉक्स उलटा होऊन वर पार्सल ट्रेला चिकटलेला होता, तरंगत गेला असणार. पोर्टमधून चिखल आत, दीड-दोन घमेली निघाला.

आता आणलाच आहे विषय तर अजून एक कबूल करतो. त्यानंतर जो पोर्टेड केला त्याच्या पाइपात कुंभारमाशीने घर केलं. गाडी मे महिन्यात पंधरा दिवस अंगणात उभी, मागची काच दोन बोटं उघडी राहिली, आणि नंतर गाणं लावलं तर आवाज असा बसका. मला वाटलं कॉइल गेली. दोन दिवस अँप उघड, वायर तपास, शेवटी पुतण्याने टॉर्च मारला तर पाइपाच्या आत मातीचं सुबक मडकं. तेव्हापासून पाइपाला मच्छरदाणीची जाळी लावलीय.

पण सील्ड घेऊन तू सुखी होशील असं मला वाटत नाही. स्टेपनीचं मात्र ताई बरोबर बोलल्या. मी हातखंब्याच्या पुढे रात्री अकरा वाजता भर पावसात पंक्चर झालो होतो, बॉक्स चार स्क्रूने फळीला मारलेला आणि स्क्रू-ड्रायव्हर कुठे? तर स्टेपनीच्या खड्ड्यात.

---

सुतारपक्षी (कणकवली)

😂😂 बासट्यूबराव तुम्ही दिल जिंकलंत.

स्टेपनीवर उपाय सोपा आहे. बॉक्स फळीला मारायचा नाही, बेल्टने बांधायचा. डिकीत कंपनीचे बोल्ट असतात त्यांना पट्टी लावून दोन बेल्ट घ्या, बकल उघडलं की बॉक्स सुटला. पण बेल्ट लागतोच हां, हा बॉक्स वूफरसकट पंधरा किलोच्या वर जाईल आणि जोरात ब्रेक लागला तर तो सीटवर येऊन आदळतो. आणि डिकीच्या तळाला आंधळेपणाने भोक मारू नका कोणी सांगितलं तरी, खाली काय जातंय ते बघितल्याशिवाय ड्रिल नाही. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहे. वायरला मधे प्लग टाका म्हणजे ओढला की निघतो.

पुढे लोखंडी जाळी लावून घ्या, पेटीचा कोपरा कोनमध्ये घुसला की सगळं संपलं.

---

खाडीपलीकडचा

मंडळी, उशिरा कळवतोय, शिमगा होता, पालखी आमच्याकडे होती, मग कलमांची कामं.

बॉक्स झाला! सील्ड, ५० बाय ३६, मरीन प्लाय. सुतारकाकांनी एका बंगल्याच्या कामातला उरलेला तुकडा काढला, शिक्का दाखवला आयएस ७१०, पैसे फक्त मजुरीचे घेतले आणि वर एक पायली तांदूळ आईने दिला. दोन दिवस म्हणाले होते, अकरा दिवस लागले. भोकाची कड त्यांनी पॉलिश पेपरने अशी गुळगुळीत केलीय की वूफर लावायला जीव होत नव्हता.

हवा सुटतेय का ते बघायची युक्ती काकांनीच काढली. फोनवर ३० हर्ट्झचा सूर लावला (नुसता गुरगुर आवाज येतो, कुत्रं भुंकायला लागलं) आणि उदबत्ती पेटवून सगळ्या सांध्यांवरून हळूहळू फिरवली. मागच्या खालच्या कोपऱ्यात धूर एकदम थरथरला, तिथे सुईच्या टोकाएवढी फट. मग वूफर काढून आतून पुन्हा डिंक-भुसा. दुसऱ्या दिवशी परत उदबत्ती, धूर सरळ वर. आजी म्हणाली पूजा झाली असेल तर आता गाणं लावा.

आवाज म्हणाल तर पहिल्यांदा खट्टू झालो, खरं सांगतो. बास आहे पण कुठे आहे कळेना, पुढच्या स्पीकरशी जणू भांडतोय. ओहम दादांना मेसेज केला तर ते म्हणाले अँपवरचं फेजचं (कोन हलायची दिशा उलटवणारं) बटण ० वरून १८० वर कर. केलं, आणि काय सांगू, बास मागून उठून पुढे काचेपाशी आला! पखवाजाची शाई आणि धूम वेगवेगळी ऐकू येते. नंतर लो पास ७० वर आणला, गेन अर्ध्याच्या जरा खाली.

ढोलाच्या रेकॉर्डिंगला मागची नंबर प्लेट खडखडायला लागली, तिच्या मागे स्लिपरचा उरलेला तुकडा लावला. पार्सल ट्रेच्या दोन्ही कडांना फोमची पट्टी. वायरला तांब्याची ८ गेज घेतली आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले, एकूण सहा हजार चारशे झाले.

बासट्यूब दादा, मानेला हवा लागत नाही हे मान्य. पण पुलावर काचा बंद करून लावलं तेव्हा आरसा हलत होता.

पेट्यांचं म्हणाल तर आधी डिकीत चार बसायच्या, आता तीन. चौथी पाडलेल्या सीटवर जाते. बाबांनी विचारलं ही खोक्याची पेटी कितीची, मी म्हटलं फुकट, काकांनी दिली. वायरचं सांगितलेलं नाही.

---

बासट्यूब_चिपळूण

आरसा हलतो म्हणजे पास. आता चौथ्या पेटीचं टेन्शन घेऊ नकोस, ती इकडे चिपळूणला उतरव.

---

वेंगुर्ल्याचो

आणि बांगडे घेतलंस तर मागच्या सीटवर ठेव, डिकीत नको. सांगून ठेवतंय.